मैदान: आण्णांच्या शेजारी बसून बघितलेला पिक्चर

एप्रिल २०२४ ला ईदच्या वेळी 'मैदान' थिएटरला लागला तेव्हा माझा बघायचा राहून गेला, आज जाऊ उद्या जाऊ करता करता पिक्चर निघूनच गेला. नंतर प्राइम व्हिडिओवर आला तेव्हा एकट्यानं बघितला, मग मित्रांबरोबर बघितला, आणि आता परवा तिसऱ्यांदा आण्णांबरोबर बघितला. आधीच्या दोन वेळी लिहावंसं वाटलं नव्हतं, पण आण्णांबरोबर बघताना हा पिक्चर मला नवीनच दिसला म्हणून लिहितोय. आमचे आण्णा तरुणपणी कोल्हापुरात तालमीकडनं फुटबॉल खेळलेत, बॅकला, म्हंजे मागं राहून समोरच्याचे गोल अडवायच्या जागेवर. कोल्हापूरकरांना ह्याचा अर्थ सांगायला नको, बाकीच्यांसाठी एवढंच की आमच्याकडं फुटबॉल पेठेपेठेतनं चालतो, टीमची नावंसुद्धा तालमींची असतात, आणि शाहू स्टेडियमवर डर्बी, म्हंजे गावातल्याच दोन टीमची मॅच, असली की त्या दिवशी घरात दुसरा विषय नसतो. अशा माणसाला तीन तासांचा फुटबॉलचा पिक्चर दाखवायचा म्हंजे परीक्षा पिक्चरची असते.

स्टोरी ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सय्यद अब्दुल रहीम हे हैदराबादचे, मूळचे शिक्षक, १९५० पासून भारताच्या फुटबॉल टीमचे कोच. पिक्चर सुरू होतो १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकपासनं, जिथं युगोस्लाव्हियानं आपल्याला १०-१ नी हरवलं आणि आपली बरीच पोरं त्या थंडीत अनवाणी खेळत होती. परत आल्यावर फुटबॉल फेडरेशनमध्ये सगळे रहीमना धारेवर धरतात आणि ते म्हणतात की हरण्याची जबाबदारी माझी असेल तर टीमही मीच निवडणार. तिथनं पुढं देशभर फिरून पोरं गोळा करणं, १९५६ चं मेलबर्न, १९६० चं रोम, मग फेडरेशनमधलं राजकारण, फुप्फुसाचा कॅन्सर आणि शेवटी १९६२ ची जकार्ताची एशियन गेम्स. रहीमच्या रोलमध्ये अजय देवगण, त्यांच्या बायकोच्या म्हंजे सायराच्या रोलमध्ये प्रियामणी, दिग्दर्शक अमित शर्मा, तोच 'बधाई हो' वाला. म्युझिक ए. आर. रहमानचं.

आधी अजयबद्दल बोलतो. ह्या माणसानं इतक्या कमी आवाजात इतका मोठा रोल केलाय की सुरुवातीला वाटतं हा काही करतच नाहीये. टचलाइनवर, म्हंजे मैदानाच्या कडेच्या रेघेवर उभा, हातात सिगरेट, पँट-शर्ट साधे, आणि नजर पूर्ण वेळ मैदानावर. स्पोर्ट्स पिक्चरमधला कोच म्हणलं की आपल्या डोळ्यासमोर हाफटाइमला ड्रेसिंग रूममध्ये छाती ठोकून भाषण देणारा माणूस येतो, इथं तसं फार कमी आहे. रहीम पोरांशी बोलतो ते वर्गात मास्तर बोलतात तसं, एकेकाला बाजूला घेऊन. आण्णा पहिल्या अर्ध्या तासातच म्हणाले, "हा माणूस ओरडत नाही बघ. चांगला कोच असाच असतोय, ओरडणाऱ्याचं पोरं ऐकल्यासारखं करतात फक्त." माझी एकच तक्रार म्हंजे भाषेची. रहीमसाहेब हैदराबादचे, त्या बोलीची एक वेगळीच गोडी आणि मिश्किलपणा आहे, ती ह्या संवादांत जवळजवळ येतच नाही, सरळ हिंदी-उर्दू आहे. थोडा दख्खनी लहेजा पकडला असता तर तो माणूस अजून जवळचा वाटला असता.

आता जे खटकलं ते मोकळेपणानं लिहितो, कारण पिक्चर आवडलाय म्हणूनच खटकलंय. फेडरेशनमधला रुद्रनील घोषचा माणूस आणि गजराज रावचा पत्रकार, हे दोघं पडद्यावर आले की पुढं काय होणार ते आपल्याला आधीच कळतं. दोघंही ॲक्टर म्हणून भारी आहेत, गजराज राव तर नुसत्या बघण्यातनं चीड आणतो, पण लिहिणाऱ्यानं त्यांना फक्त वाईटच ठेवलंय, खोलीत धूर, कुजबुज, छद्मी हसणं, आणि पुन्हा पुन्हा तेच. आणि सगळा कटकारस्थानाचा डाव कलकत्त्याच्याच माथी मारल्यासारखा वाटतो. अहो ज्या टीमनं सोनं आणलं तिचा कॅप्टन चुनी गोस्वामी, कलकत्त्याच्याच मोहन बागान क्लबचा! पी. के. बॅनर्जी ईस्टर्न रेल्वेकडनं तिथंच खेळायचे. तुलसीदास बलराम सिकंदराबादचे पण क्लब ईस्ट बंगाल. जर्नेल सिंग पंजाबचा, तोही मोहन बागानला. त्या काळी कलकत्त्याचं मैदान नसतं तर रहीमना ही टीम मिळाली असती का? फेडरेशनमध्ये वशिलेबाजी आणि प्रांतवाद नव्हता असं मी म्हणत नाही, पण त्या शहराचं फुटबॉलवरचं प्रेमही तितकंच दिसायला पाहिजे होतं. ते दिसलं असतं तर भांडणालाही धार आली असती, कारण मग ते खेळावर जीव असणाऱ्या दोन बाजूंचं भांडण झालं असतं.

दुसरी गोष्ट अजून मोठी वाटते मला. रहीम कोच म्हणून नेमके कशात मोठे होते हे पिक्चरमध्ये पुरेसं येत नाही. त्यांनी हैदराबाद सिटी पोलिसच्या टीमला १९५० ते १९५४ सलग पाच वर्षं रोव्हर्स कप जिंकून दिला, आणि ती स्पर्धा आपल्या मुंबईत, कुपरेजवर व्हायची. पोलीस खात्यातल्या पोरांची टीम येऊन पाच वर्षं लागोपाठ कप घेऊन जाते, त्यावर एक अख्खा पिक्चर निघेल. ते पोरांसाठी अशा स्पर्धा घ्यायचे की ज्यात ड्रिबलिंगच, म्हंजे बॉल पायाशी खेळवत नेणंच, करायचं नाही, बॉल आला की पास. किंवा कमकुवत पायानंच खेळायचं, म्हंजे उजव्या पायाचा असेल त्यानं डाव्यानंच मारायचं. मी हे आण्णांना सांगितलं तर त्यांनी पिक्चर पॉज करायला लावला. पाच मिनिटं नुसते त्यावरच बोलत होते, की आमच्या वेळी असं कुणी केलं असतं तर माझा डावा पाय नुसता उभं राहण्यापुरता राहिला नसता. ४-२-४ ची मांडणीसुद्धा, म्हंजे मागं चार, मधे दोन, पुढं चार, भारतात रहीमनीच आणली, १९५८ च्या वर्ल्ड कपमध्ये ब्राझीलमुळं ती जगभर गाजायच्या आधीच त्यांची पोरं त्या दिशेनं खेळायला लागली होती. पिक्चरमध्ये पासिंगचा सराव दिसतो, खडूनं फळ्यावर आखलेलं दिसतं, पण ते गाण्याच्या मोंटाजमध्ये दोन-तीन सेकंद. तीन तास एक मिनिटाचा पिक्चर आहे, फेडरेशनच्या मीटिंगचे दोन सीन कमी करून ह्या माणसाच्या डोक्यात दहा मिनिटं घेऊन गेले असते ना तर मजा आली असती. त्यांची छाती किती खोकते ते आपल्याला पुन्हा पुन्हा दाखवलंय, त्यांचं डोकं कसं चालतं ते मानानं कमी.

आणि १९५१! दिल्लीतल्या पहिल्या एशियन गेम्समध्ये आपण इराणला फायनलला १-० नी हरवून सोनं घेतलं, गोल साहू मेवालालचा, कोच हेच रहीम. पिक्चर हेलसिंकीच्या पराभवापासनं सुरू केल्यामुळं हा विषय बाजूलाच पडतो, आणि नवीन बघणाऱ्याला वाटतं की हरलेल्या कोचला १९६२ ला पहिल्यांदा यश मिळालं. पराभवातनं उठून जिंकणं हे पिक्चरला सोयीचं असतं हे समजतं मला, पण खरी गोष्ट जास्त रंगतदार आहे. आधी जिंकले, मग १०-१ नी आपटले, त्यातनं शिकले, हेलसिंकीनंतर बूट सक्तीचे झाले, आणि चारच वर्षांत मेलबर्नला ऑलिम्पिकच्या सेमीफायनलला पोचले.

मेलबर्नचा भाग मात्र पिक्चरमध्ये छान आलाय. यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ नी हरवलं ती मॅच, नेव्हिल डिसूझाची हॅटट्रिक. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक मारणारा हा पहिला आशियाई, मूळ गोव्याचा आणि खेळायचा मुंबईत टाटांच्या टीमकडनं. आपल्यापैकी किती जणांना हे नाव माहितीय? मला स्वतःला पिक्चर बघण्याआधी नीट माहिती नव्हतं, आणि एवढ्या एका गोष्टीसाठीसुद्धा मी ह्या पिक्चरचे आभार मानेन. सेमीफायनलला पुन्हा तोच युगोस्लाव्हिया आला, ४-१ नी हरलो, पण १०-१ आणि ४-१ ह्यांच्यात किती मेहनत आहे ते खेळणाऱ्यालाच कळतं. तिसऱ्या नंबरासाठी बल्गेरियाकडनं हरून आपण चौथे आलो. चौथे! ऑलिम्पिकमध्ये फुटबॉलला!

रोमच्या वेळी १९६० ला ग्रुपच अवघड होता, हंगेरीशी २-१ नी हरलो, फ्रान्सशी पीकेच्या गोलवर पुढं होतो आणि शेवटी शेवटी १-१ झालं, पेरूनं ३-१ नी हरवलं. आज हे रिझल्ट आले तर आपण गल्लीत पेढे वाटू, तेव्हा त्यावरनं कोचला घरी बसवायची भाषा होते असं पिक्चरमध्ये दाखवलंय. इथनं पुढं पिक्चर जरा थकतो, आजारपण आणि उदासी बराच वेळ चालते. पण ह्याच भागात प्रियामणी येते आणि सावरून घेते. नवरा अंगणात शून्यात बघत बसलाय, दिवस मोजतोय, आणि ही त्याला सांगते की घरात बसून मरण्यापेक्षा मैदानावर जा, जे करायचंय ते करून ये. रडारड नाही, मोठा संवाद नाही. ह्या बाईला थोडाच वेळ मिळालाय पण तिचा प्रत्येक सीन खरा वाटतो, आणि आमच्या आईनं, जिला फुटबॉलचा एरवी राग आहे, स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून तो सीन पूर्ण बघितला.

मग जकार्ता. हा शेवटचा तासभर म्हंजे पिक्चरचा खरा ऐवज आहे, आणि आधी जे काही कमीजास्त झालं असेल ते इथं विसरायला होतं.

पहिली मॅच साउथ कोरियाशी, २-० नी हरलो. मग थायलंडला ४-१, जपानला २-०, सेमीफायनलला साउथ व्हिएतनामला ३-२, आणि फायनलला पुन्हा कोरिया. ४ सप्टेंबर १९६२, सेनायन स्टेडियम, लाखभर माणूस आणि जवळजवळ सगळं आपल्या विरोधात. का विरोधात, हे पिक्चर सोपं करून पण नीट सांगतो. इंडोनेशियानं इस्रायल आणि तैवानला स्पर्धेला येऊ दिलं नाही, त्यावर एशियन गेम्स फेडरेशनमधले आपले जी. डी. सोंधी बोलले की मग ह्याला एशियन गेम्स तरी कसं म्हणायचं, आणि तिथं भडका उडाला, आपल्या दूतावासावर मोर्चा गेला. त्यात पोरांची काही चूक नाही, पण शिट्ट्या आणि शिव्या त्यांना खाव्या लागल्या. बसवर जमाव येतो तो सीन बघताना घसा कोरडा पडतो.

आणि टीमची अवस्था काय होती? जर्नेल सिंगच्या डोक्याला थायलंडच्या मॅचमध्ये लागलेलं, सहा टाके. त्रिलोक सिंगच्या पायाला दुखापत. गोलकीपर पीटर थंगराज तापानं आधीच्या काही मॅच खेळू शकलेला नाही. अशा वेळी रहीमनी काय केलं, तर जर्नेलला, जो टीमचा खंदा बॅक, त्याला उचलून फॉरवर्डला, म्हंजे पुढं गोल मारायच्या जागेवर टाकलं, आणि आजारातनं उठलेल्या थंगराजला फायनलला गोलमध्ये उभं केलं.

इथं आण्णा खुर्चीतनं पुढं सरकले ते मॅच संपेपर्यंत मागं टेकलेच नाहीत. "बॅकला फॉरवर्डला टाकला? डोक्याला टाके असताना?" मी म्हणलं हो आण्णा, हे पिक्चरनं बनवलेलं नाही, खरंच असं झालेलं. ते जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "बरोबर आहे. मागनं समोरच्याच्या फॉरवर्डला रोज रोखतोय तो, त्याला माहिती असतंय बॅकला कुठं त्रास होतो." एवढ्या वेळा पिक्चर बघून, त्यावर इतकं वाचून मला हे सुचलं नव्हतं. मी तो डाव नाइलाजानं केलेला, जखमी माणसाला जमेल तिथं लपवलेला, असं समजत होतो. आण्णांना त्यात कोचचा अभ्यास दिसला. सेमीफायनलला जर्नेलनं गोल मारला, फायनलला पण मारला. सतराव्या मिनिटाला पीके, विसाव्याला जर्नेल, २-०. कोरियानं शेवटची पाच मिनिटं राहिली असताना एक फेडला आणि मग जी काही तारांबळ उडते ती पिक्चरनं अशी काही शूट केलीय की रिझल्ट पाठ असून माझ्या हाताला घाम सुटला होता.

हिंदी पिक्चरमध्ये फुटबॉल इतका चांगला शूट झालेला मी तरी बघितला नाही. कॅमेरा पायांच्या उंचीवर पोरांबरोबर पळतो, टॅकल बसला की खरंच लागल्यासारखं वाटतं, आणि मुख्य म्हंजे पोरांना बॉल खेळता येतो. आमच्याकडं हे लगेच पकडतात, कारण ॲक्टरनं बॉल कसा थांबवला ह्यावरनं तो कधी खेळलाय का नाही ते कळतं. अमर्त्य रेचा चुनी, चैतन्य शर्माचा पीके, दविंदर गिलचा जर्नेल, आणि बलरामच्या रोलमध्ये आपला सुशांत वायदंडे. चौघं चार तऱ्हेनं पळतात, पाठमोरे असले तरी ओळखू येतात. फक्त त्यांची मैदानाबाहेरची ओळख फार थोडी होते, बलराम सोडला तर बाकीच्यांचं घरदार, स्वभाव काही कळत नाही, आणि फॉर्च्युनाटो फ्रँको तर टाटांकडनं मुंबईत खेळलेला, गोव्याचा, तो गर्दीतच राहून जातो. स्टेडियममधली गर्दी दोन-तीन ठिकाणी कॉम्प्युटरवर केलेली आहे हे जाणवतं. पण ज्या पिक्चरचं शूटिंग २०१९ ला सुरू झालं, कोविडमध्ये अडकलं, २०२१ ला तौक्ते वादळात मड आयलंडवरचा सेट गेला, आणि तरी लोकांनी परत उभं करून मॅच पूर्ण केल्या, तिथं मी गर्दीवरनं भांडणार नाही.

कॉमेंट्री करणारे दोघं, विजय मौर्य आणि अभिलाष थपलियाल, पण झकास आहेत, रेडिओच्या काळातला तो उसासा त्यांच्या आवाजात बरोबर उतरलाय. रहमानची गाणी सुटी ऐकली तर मला तितकी लक्षात राहिली नाहीत, पण 'टीम इंडिया हैं हम' शेवटच्या मॅचच्या आसपास येतं तेव्हा अंगावर काटा येतोच.

पिक्चर थिएटरला चालला नाही ह्याचं मला खरंच वाईट वाटतं. लोकांनी दुसरा एक 'क्रीडापट' म्हणून सोडून दिला असणार, आणि लांबी बघून घाबरले असणार. लांबी आहेच, पहिल्या भागातली वीस-पंचवीस मिनिटं सहज कापता आली असती. घरी बघणाऱ्यांनी मधे ब्रेक घेऊन दोन बैठकीत बघा, पण जकार्ता सुरू झालं की उठू नका, आणि मोबाइलवर तर अजिबात बघू नका, मोठा टीव्ही लागतोय ह्याला. फुटबॉल खेळणारं पोरगं घरात असेल तर त्याला शेजारी घेऊन बसा, आणि जुना खेळलेला माणूस असेल तर त्याला आधी बसवा.

जकार्ताहून आल्यावर वर्ष पण मिळालं नाही रहीमना, ११ जून १९६३ ला ते गेले. त्यानंतर एशियन गेम्समध्ये फुटबॉलचं सोनं आपल्याला आजपर्यंत मिळालेलं नाही, १९७० ला बँकॉकला ब्राँझ मिळालं तेच शेवटचं मेडल. पिक्चर संपला की लगेच बंद करू नका, क्रेडिट्सच्या वेळी त्या खऱ्या टीममधले म्हातारे झालेले खेळाडू दिसतात. पीके आणि चुनी दोघंही २०२० ला गेले, बलराम २०२३ ला, म्हंजे पिक्चर लागला तेव्हा ह्या तिघांतला एकही बघायला नव्हता. वादळं, लॉकडाउन, पुढं ढकललेल्या तारखा, सगळं मान्य, पण ही गोष्ट मला फार लागली.

आण्णांनी क्रेडिट्स पूर्ण बघितले. मग म्हणाले, "ती जर्नेलच्या गोलची जागा परत लाव." लावली. तीनदा बघितली. चौथ्यांदा लावायला सांगितली तेव्हा ते बॉलकडं बघत नव्हते, टचलाइनवर उभ्या माणसाकडं बघत होते.